उसाच्या फडातली वही : एका विद्यार्थी लघुपटाच्या पूर्वतयारीचा प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातील ज्या माध्यम विभागात मी शिकवते, तेथे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षी पाच विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला बारा ते पंधरा मिनिटांचा एक लघुपट करावा लागतो. चित्रीकरणाआधी गटाने तीन परीक्षकांच्या समितीपुढे आपला प्रस्ताव मांडायचा, म्हणजे पिच करायचे, आणि समितीची मान्यता मिळेपर्यंत विभागाचा कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि निधी यांपैकी काहीही हाती येत नाही. मी मार्गदर्शक असलेल्या एका गटाने ऑगस्टमध्ये केलेले पिच समितीने परत पाठवले आणि डिसेंबरमध्ये केलेले दुसरे पिच अटींसह मान्य केले. विषय दोन्ही वेळा तोच होता, गटही तोच होता. मधल्या काळात जे बदलले त्याची ही नोंद आहे. ती गटाच्या संमतीने लिहिली असून कोणाचेही नाव घेतलेले नाही.

दिग्दर्शन करणारी विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातील. तिच्या गावातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात आणि तिच्या नात्यातली काही कुटुंबे कालपरवापर्यंत त्यांत होती. कोयता, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार), कोपी (मजुरांची तात्पुरती झोपडी), वाढे (उसाचे हिरवे शेंडे) हे सारे शब्द तिच्या घरातले होते, त्यामुळे विषय उसना आणल्याचा आक्षेप तिच्यावर कोणीही घेतला नसता. तरीही पहिले पिच फसले. विषयाशी असलेली जवळीक आणि त्या विषयातून गोष्ट उभी करण्याची तयारी यांत किती अंतर असते, हे मला या प्रकरणात फार स्पष्टपणे दिसले.

पहिल्या पिचमध्ये तीसेक स्लाइड होत्या. त्यांतील निम्म्या स्थलांतर, बालमजुरी, मुलांची गळती आणि महिला मजुरांचे आरोग्य यांबद्दलच्या होत्या. छायाचित्रे इंटरनेटवरून घेतलेली होती, कारण ऑगस्टमध्ये फडात टोळ्या नसतात. राज्यातला गाळप हंगाम साधारणपणे मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर या काळात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. गटाने लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यातली गोष्ट, अशी लिहिली होती : ‘ऊसतोड कामगारांच्या मुलीची शिक्षणासाठीची धडपड आणि व्यवस्थेने तिच्यावर केलेला अन्याय.’ पटकथा १९ पानांची, शॉट ६४, चित्रीकरणाचे दिवस तीन. शेवटी अकरा वर्षांची नायिका मुकादमाला सगळ्यांसमोर जाब विचारते आणि त्याला मान खाली घालावी लागते, असे दृश्य होते.

समितीत बाहेरून आलेले एक अनुभवी दिग्दर्शक होते. त्यांनी अर्थकारणाबद्दल काही विचारले नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “या मुलीला काय हवं आहे?”

“सर, तिला शाळेत जायचं आहे.”

“ते तुम्हाला हवं आहे, मलाही हवं आहे. तिला आज, या फडात, या सकाळी काय हवं आहे?”

दिग्दर्शिकेकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या परीक्षकांनी विचारले की पटकथेतील उभा ऊस, अर्धा तुटलेला ऊस आणि रिकामे रान ही तिन्ही दृश्ये एकाच शेतातली आहेत, मग ती तीन दिवसांत कशी मिळणार? निर्मितीची बाजू पाहणारा विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, शेतकऱ्याशी बोलून घेऊ.” तिसऱ्या परीक्षकांनी अंदाजपत्रकातील जेवणाच्या रकान्यावर बोट ठेवले. चौदा माणसांच्या तीन दिवसांच्या जेवणासाठी चार हजार रुपये धरले होते, म्हणजे माणशी दिवसाला शंभर रुपयेही नाहीत. प्रस्ताव परत आला. समितीने शेऱ्यात एवढेच लिहिले होते की विषय महत्त्वाचा आहे, परंतु गटाने अद्याप निर्णय घेतलेले नाहीत.

हा शेरा मला अतिशय नेमका वाटला. पिच म्हणजे आपल्या तळमळीचे दर्शन घडवणे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सर्रास असतो आणि त्यामुळे विषयाचे गांभीर्य पटवण्यात त्यांची सारी शक्ती खर्च होते. परीक्षकाला, निर्मात्याला किंवा निधी देणाऱ्या कोणालाही विषय गंभीर आहे हे पटवावे लागत नाही. शंभर शक्यतांमधून या गटाने कोणती एक निवडली, ती का निवडली आणि तिच्यासाठी उरलेल्या नव्व्याण्णव सोडण्याची त्यांची तयारी आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते.

गोष्ट सापडण्याची प्रक्रिया

पुढचे काही आठवडे मी गटाला पटकथेला हात लावू दिला नाही. दिग्दर्शिकेने आपल्या नात्यातल्या, पूर्वी तोडीला जाणाऱ्या बायांशी बोलावे आणि फक्त हिशेबाबद्दल विचारावे, असे ठरले. दुःखाबद्दल विचारले की माणसे सवयीचे उत्तर देतात, हिशेबाबद्दल विचारले की तपशील सांगतात. त्या बोलण्यातून एक साधी गोष्ट पुढे आली. ऊस भरलेले वाहन कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेले आणि नंतर रिकामे असे दोनदा तोलले जाते, वजाबाकी करून उसाचे निव्वळ वजन निघते आणि त्याची पावती मिळते. टोळीची मजुरी टनावर ठरते. पावत्या मात्र बहुधा मुकादमाकडे जमा होतात आणि हंगामाच्या शेवटी मजुरीतून उचल वळती करताना त्याचाच आकडा धरला जातो. एका बाईंनी सांगितले की त्यांची चौथीतली मुलगी ट्रॅक्टर परत आला की चालकाकडची पावती मोठ्याने वाचून दाखवायची, कारण कोपीतल्या मोठ्या माणसांपैकी कोणालाही ती नीट वाचता येत नव्हती.

येथे गोष्ट सापडली. नवी लॉगलाइन अशी झाली : ‘टोळीत वाचता येणारी एकटी असलेली अकरा वर्षांची मुलगी प्रत्येक खेपेचे वजन आपल्या वहीत उतरवून ठेवते, हिशेबाच्या दिवशी तिचा आणि मुकादमाचा आकडा जुळत नाही, तेव्हा बाप तिला वहीतला आकडा खोडायला सांगतो.’ या वाक्यात शिक्षण आहे, अन्याय आहे, उचलीचे ओझे आहे. मात्र त्यांपैकी कशाचाही उच्चार नाही. मुलीला काय हवे आहे, या प्रश्नालाही आता उत्तर होते. तिला तिचा हिशेब बरोबर ठरायला हवा आहे.

बाप तसे का सांगतो, यावर गटात बराच वाद झाला. संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याला तो भित्रा बाप वाटत होता. दिग्दर्शिकेचे म्हणणे होते की पुढच्या वर्षीची उचल याच मुकादमाकडून घ्यायची असेल, तर तो दुसरे काही सांगूच शकत नाही आणि त्याला भित्रा ठरवले तर चित्रपट खोटा होईल. मी तिच्या बाजूने होते. शेवटी मुलगी मुकादमाचा आकडा लिहिते, पण आपला खोडत नाही. दोन्ही आकडे एकाखाली एक राहतात. जाब विचारण्याचे दृश्य गेले. त्या दृश्याला टाळ्या मिळाल्या असत्या, परंतु तसे प्रत्यक्षात घडल्याचे त्या बायांपैकी एकीनेही सांगितले नव्हते.

रेकी आणि उसाचे वेळापत्रक

नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाल्यावर गट रेकीला, म्हणजे चित्रीकरणाच्या जागा पाहायला, गेला. पहिल्या पिचमधील सर्वांत मोठी अडचण ठिकाणाचीच होती. कारखान्याच्या हद्दीतील ऊस केव्हा तुटणार हे लागणीच्या (लागवडीच्या) नोंदीवरून आणि तोडणीच्या कार्यक्रमावरून ठरते; शेतकऱ्याला तारीख निवडता येत नाही. चिटबॉयने, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, सांगितले की तोडीची नक्की वेळ फार तर दोन-तीन दिवस आधी कळेल. टोळी एकदा फडात शिरली की मधेच थांबत नाही. मुकादमाने दिग्दर्शिकेला सरळ सांगितले, “ताई, ऊस तुमच्यासाठी थांबायचा न्हाई. आन् आमची मान्सं थांबली तर त्यांची मजुरी कोन देनार?” त्याचे बोलणे अगदी योग्य होते. चालू फडात पटकथेप्रमाणे चित्रीकरण करणे म्हणजे टोळीचा रोजगार बुडवणे, आणि ज्यांच्या मजुरीबद्दल चित्रपट आहे त्यांचीच मजुरी बुडवून तो करणे कोणालाही मान्य होण्यासारखे नव्हते.

मार्ग एका शेतकऱ्याच्या ओट्यावर निघाला. चहा घेताना गटाने आपली अडचण सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “बेण्याचा ऊस हाय की माझा खालच्या रानात. त्यो कारखान्याच्या यादीत न्हाई. लागणीला माणसं मिळतील तवा तोडायचा.” ‘सुरू’ नावाच्या हंगामाची लागण साधारणपणे मध्य डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी या काळात होते आणि तिच्यासाठी बेणे, म्हणजे बियाणे, म्हणून राखलेला नऊ ते अकरा महिन्यांचा ऊस मालकाच्या सोयीने तुटतो. पाऊण एकराचा तो तुकडा गटाला तीन टप्प्यांत वापरता येणार होता : आधी उभा, मग अर्धा तोडलेला, शेवटी मोकळा. तोडलेले बेणे लगेच लागणीला जायला हवे, त्यामुळे चित्रीकरणाचा क्रम शेतकऱ्याच्या लागणीशी जुळवावा लागला. चार दिवसांपैकी पहिले दोन दिवस उभ्या उसात, तिसरा दिवस अर्ध्या फडात, मग मालकाची उरलेली तोड आणि त्यानंतर चौथा दिवस, अशी आखणी झाली.

यात एक तांत्रिक शंका होती. बेण्याचा ऊस सोळा-अठरा महिन्यांच्या आडसाली उसाइतका उंच नसतो. छायाचित्रण करणाऱ्या विद्यार्थ्याने रेकीत मोबाइलवर दोन चौकटी घेतल्या, एक उभ्याने आणि एक मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून. उभ्याने घेतलेल्या चौकटीत उसाचे शेंडे आणि पलीकडची विजेची तार दिसत होती. खालून घेतलेल्या चौकटीत दोन-तीन मीटरच्या पुढे काहीच दिसत नव्हते. नुसत्या कांड्या, पाचट (उसाची वाळलेली पाने) आणि वरून गळणारा उजेड. संपूर्ण चित्रपट मुलीच्या उंचीवरून पाहायचा, हा निर्णय तेथे झाला. पहिल्या पिचमध्ये ड्रोनचे दोन शॉट होते. ते वगळल्याने परवानगीची विचारपूसही टळली आणि आकाशातून दिसणाऱ्या हिरव्या चौकोनांचा नेहमीचा देखावाही टळला.

ध्वनीचे काम पाहणाऱ्या विद्यार्थिनीने फडात उभे राहून काही मिनिटांचे मुद्रण केले आणि ते आम्हा सर्वांना हेडफोनवर ऐकवले. वारा नसतानाही कोरड्या पाचटाची खसखस इतकी होती की कुजबुजीतला संवाद त्यात बुडत होता. भरीस भर म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर कर्णे लावलेले असतात आणि त्यांवरची गाणी अर्ध्या किलोमीटरवरूनही ऐकू येतात. त्या गाण्यांचे मुद्रण चुकून संवादात शिरले तर दुहेरी अडचण होते : संकलनात तुकडे जुळत नाहीत आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या कंपनीकडे असतील तिच्या परवानगीशिवाय ते महोत्सवात दाखवता येत नाही. म्हणून उसाच्या आत बोलले जाणारे संवाद सहा वाक्यांवर आणले. उरलेले बोलणे कोपीपाशी हलवले आणि फडात कोयत्याचा आवाज पुढे ठेवायचे ठरले. पटकथेतील हा बदल टेबलापाशी बसून झालाच नसता.

बालकलाकार : कायदा, संमती आणि शॉट

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे आणि विद्यार्थी लघुपटांमध्ये तो जवळजवळ नेहमी दुर्लक्षित राहतो. चित्रपट विद्यार्थ्यांचा आहे आणि मूल ओळखीतले आहे, म्हणून नियम लागू होत नाहीत असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. बाल व किशोरवयीन कामगार अधिनियम १९८६ चा. त्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कलाकार म्हणून काम करण्याची सवलत दिली, परंतु २०१७ च्या नियमांनी तिला अटी घातल्या. जेथे काम होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी विहित नमुन्यातील हमीपत्रासह घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार व्यक्ती नेमावी लागते आणि मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही, हेही नियमांत आहे.

हे मी गटाला वाचून दाखवले, तेव्हा पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. पण हे सारे मुलांच्या बाजूने आहे आणि ऊसतोडीतील बालमजुरीबद्दल चित्रपट करू पाहणाऱ्यांनी स्वतःच्या सेटवर बालमजुरीचा कायदा टाळावा, हे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. निर्मितीच्या विद्यार्थ्याने मग ६४ शॉटची यादी समोर घेतली. त्यांपैकी ५१ शॉटमध्ये मुलगी होती. एका शॉटला उजेड, सराव आणि टेक धरून सरासरी अर्धा तास लागतो असे मानले, तर पाच तासांच्या तीन दिवसांत तिचे तीसच शॉट होतात. म्हणजे पहिल्या पिचमधील वेळापत्रक कागदावरच अशक्य होते आणि कोणीही साधा गुणाकार करून पाहिला नव्हता.

त्यावरचा उपाय दिवस वाढवणे एवढाच नव्हता. गटाने एक दिवस वाढवला आणि पटकथा पुन्हा तपासली. पानामागे एक मिनिट हा ठोकताळा अशा चित्रपटात फसवा ठरतो, कारण ‘मुलगी वही उघडते आणि लिहिते’ ही अर्धी ओळ पडद्यावर पाऊण मिनिट घेऊ शकते. म्हणून दिग्दर्शिकेने पटकथा मोठ्याने वाचली, हालचाली स्वतः करून दाखवल्या आणि दुसऱ्याने वेळ मोजली. १९ पानांचा चित्रपट एकवीस मिनिटांच्या पुढे गेला. दोन उपकथानके निघाली, आजारी आजी गेली, साखरशाळेतील (तोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेतील) शिक्षक गेले. नवी पटकथा १३ पानांची आणि साडेबारा मिनिटांची झाली, शॉट ४३ राहिले आणि त्यांपैकी मुलीचे ३४. पाच तासांच्या चार दिवसांत चाळीस शॉटची जागा होते, तेव्हा पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या शॉटसाठी सहांची सवड उरली. मुलीची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच अशी ठरली. मधल्या काळात ती आईसोबत शेतकऱ्याच्या घरी जाऊन जेवणार, झोपणार. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो, त्यामुळे तिच्या वेळा नेमक्या तिरप्या उन्हाच्या निघाल्या. छायाचित्रणाचा विद्यार्थी त्यावर खूश होता. रात्री मुलीला कामावर आणायचे नाही असे ठरल्यामुळे कोपीतले रात्रीचे दृश्य दुपारी, कोपीला काळे कापड गुंडाळून करायचे ठरले.

भूमिकेसाठी मूल कोणते निवडायचे, हा याहून अवघड प्रश्न होता. रेकीत भेटलेल्या टोळीत एक चुणचुणीत मुलगी होती आणि सगळा गट तिच्या प्रेमात पडला होता. मुकादम म्हणाला, “बापाला मी सांगतो, तो न्हाई म्हननार न्हाई.” दिग्दर्शिका हे ऐकून गप्प झाली आणि गावाबाहेर पडल्यावर तिने ती निवड रद्द केली. ज्या बापाने उचल घेतली आहे त्याची मुकादमामार्फत मिळवलेली संमती ही संमती नसते, असे तिने आपल्या टिपणात लिहिले आणि ते वाक्य पुढे पिचमध्येही राहिले. तिच्या गावातील एक कुटुंब चार वर्षांपूर्वी तोडीला जायचे थांबले होते. त्यांच्या पाचवीतल्या मुलीने दोन सुट्यांमध्ये गटासोबत वाचन केले, तिला काम आवडले आणि आई सोबत राहायला तयार झाली. शाळा बुडू नये म्हणून चित्रीकरण दोन शनिवार-रविवारी विभागून घ्यायचे ठरले. मधल्या आठवड्यात शेतकऱ्याची बेणेतोड होणार होती, त्यामुळे दुसऱ्या शनिवारी अर्धा फड आणि रविवारी मोकळे रान असा क्रम त्याच्याकडून पक्का करून घेतला.

बैल, पावती आणि मालकी

पहिल्या पटकथेत ओझ्याखाली बैल कोसळतो, असे दृश्य होते. चित्रपटात प्राण्याला काम करायला लावायचे तर प्राण्यांच्या खेळांसंबंधीचे २००१ चे नोंदणी नियम लागू होतात, भारतीय पशुकल्याण मंडळाकडे जावे लागते आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र घेताना मंडळाचे ना-हरकत पत्र मागितले जाते. ते दृश्य काढले. खरे सांगायचे तर परवानगी मिळाली असती तरी ते काढायला हवे होते, कारण वहीच्या गोष्टीत बैलाला जागा उरली नव्हती.

वजनाची पावती मात्र फार विचारपूर्वक करावी लागली. खऱ्या पावतीवर कारखान्याचे नाव असते आणि आकड्यांच्या फरकाबद्दलच्या चित्रपटात ते चौकटीत आले, तर न केलेला आरोप आपोआप होतो. गटाने काल्पनिक पावती तयार केली, कारखान्याच्या काट्यावरचे दृश्य गाळले आणि पावती फक्त चालकाच्या हातातून मुलीच्या हातात येताना दाखवायचे ठरवले. वही दिग्दर्शिकेने स्वतः केली. चौकोनी रेघांची, वेष्टनाला सिमेंटच्या पोत्याचा कागद. आत तीन रकाने : तारीख, गाडी, काटा. सुरुवातीच्या पानांवर अक्षर मोठे आणि रेघ सोडून जाणारे, पुढे लहान आणि सरळ, कारण हंगामभर लिहिताना मुलीचा हात बसत जातो. एका पानावर बोटाचा काळा ठसा आहे. ही वही पाहिल्यानंतर मला या चित्रपटाबद्दल शंका उरली नाही.

मालकीचा मुद्दा विद्यार्थी शेवटपर्यंत टाळतात. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता हा निर्माता मानला जातो. विद्यार्थी लघुपटात निर्माता कोण, विभाग की गट, हे लिहून ठेवले नाही तर महोत्सवाचा अर्ज भरताना वाद होतात. शिवाय बालकलाकाराच्या हमीपत्रावरही निर्माता म्हणून कोणी तरी सही करायची असते. विभाग आणि गट यांच्यात एक पानी करार झाला, निर्मितीच्या विद्यार्थ्याने विभागाच्या वतीने सही करायची ठरले आणि बायांच्या आठवणींचे श्रेय नामावलीत कसे द्यायचे हेही त्यात आले.

दुसरे पिच

डिसेंबरमधील पिच दहा मिनिटांचे होते आणि त्यात सहाच स्लाइड होत्या. दिग्दर्शिकेने दिवे मालवून आधी फडातील चाळीस सेकंदांचा आवाज ऐकवला. मग वही परीक्षकांच्या हातात दिली आणि ते पाने उलटत असताना गोष्ट सांगितली. लॉगलाइन, शेवट, मुलीच्या उंचीवरच्या तीन चौकटी, बेण्याच्या तुकड्याचा हाताने काढलेला नकाशा, चार दिवसांची वेळ-पट्टी आणि अंदाजपत्रक, एवढेच पुढे होते. स्थलांतराची आकडेवारी नव्हती. विचारले असते तर ती तिच्याकडे होती.

बाहेरच्या दिग्दर्शकांनी विचारले, “शेवटी प्रेक्षकाला वाटेल की काहीच घडलं नाही. तेव्हा काय कराल?”

ती म्हणाली, “सर, दोन आकडे एका पानावर राहिले, एवढंच घडतं. ते पान किती वेळ दाखवायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, एडिटवर ठरवीन. पण तिला आकडा खोडायला लावणार नाही आणि मुकादमाला हरवणारही नाही.”

न ठरवलेली गोष्ट न ठरवलेली म्हणून सांगणे आणि तिच्या शेजारीच ठरवलेली गोष्ट ठामपणे सांगणे, हे ऑगस्टमध्ये तिला जमले नव्हते. परीक्षकांनी त्यापुढे आशयाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, उरलेला वेळ वेळापत्रक आणि पैशांवर गेला.

अंदाजपत्रक आता ६८ हजारांचे होते. तेरा माणसांच्या चार दिवसांच्या जेवण-चहासाठी माणशी ३०० रुपयांप्रमाणे १५,६०० रुपये धरले होते, बालकलाकाराच्या ८,००० रुपये मानधनातील १,६०० रुपये मुदत ठेवीत जाणार होते आणि चित्रीकरणाच्या दोन स्वतंत्र प्रती ठेवण्यासाठी दोन हार्डडिस्क घ्यायच्या होत्या. विभागाचे २५ हजार, विद्यार्थ्यांनी ऐपतीप्रमाणे घालायचे ३० हजार आणि उरलेले १३ हजार ‘जमवू’ असे लिहिले होते. समितीने नेमका हाच शब्द खोडला. मान्यता देताना दोन अटी घातल्या : तुटीएवढा खर्च कमी केलेले दुसरे अंदाजपत्रक आठवड्यात द्यावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी हाती येईपर्यंत कलाकारांना तारखा कळवू नयेत.

तूट भरून काढण्यासाठी गटाने भाड्याचे दिवे आणि जनरेटर वगळले, कारण मुलीच्या सर्व वेळा दिवसाच्या होत्या आणि कोपीसाठी विभागाचे बॅटरीवरचे दोन एलईडी पुरेसे होते. प्रवासासाठी दोन गाड्यांऐवजी एक गाडी आणि एसटी असा पर्याय निघाला. एक हार्डडिस्क विभागाकडून उसनी मिळाली. जेवणाच्या रकमेला आणि मुलीच्या मानधनाला कोणी हात लावला नाही. बालकलाकाराचा अर्ज, आईचे संमतीपत्र, शाळेचे पत्र, कामाच्या वेळा आणि जबाबदार व्यक्ती म्हणून विभागातील एका शिक्षिकेचे नाव, असा संच जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल झाला. शेतकऱ्याने १० फेब्रुवारीपर्यंत बेणे उभे ठेवायचे कबूल केले आहे, त्यापुढे त्याची लागण लांबते. लघुपट सादर करण्याची मुदत ३१ मार्च आहे आणि संकलन व ध्वनीसाठी पाच आठवडे राखून ठेवले आहेत. म्हणून गटाने जानेवारीतील सलग दोन शनिवार-रविवार पहिल्या पसंतीचे आणि ३१ जानेवारीनंतरचे लगतचे दोन राखीव, अशी दोन कॉल शीट (कोणी केव्हा व कोठे हजर राहायचे याची पत्रके) तयार ठेवली असून त्यांपैकी कोणतीही अद्याप कोणाला पाठवलेली नाही.